भाव बघून

दहावीचा निकाल लागला की कॉलेजच्या व्हरांड्यात एक टेबल मांडलं जायचं आणि पुढचे पंधरा-वीस दिवस मी त्या टेबलामागे बसायचे. जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवलं. प्रवेशाच्या वेळी पालकांना सल्ला देण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. मी आधी गुणपत्रिका बघायचे, मग वडिलांकडे बघायचे आणि मग सांगायचे. मुलाकडे किंवा मुलीकडे बघायचे का, हे आठवण्याचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही.

माझी विभागणी पक्की होती. सत्तर टक्क्यांच्या वर सायन्स, पंचावन्न ते सत्तर कॉमर्स आणि उरलेले आर्ट्सला. ‘उरलेले’ हा शब्द मी मनात ठेवत नव्हते, स्टाफरूममध्ये उघड वापरत होते. चांगल्या गुणांच्या मुलीने आर्ट्सचा फॉर्म मागितला तर मला खरोखर काळजी वाटायची. घरी काही अडचण आहे का, लग्नाची घाई चाललीय का, असं मी वडिलांना बाजूला घेऊन विचारायचे. कुणी स्वतःहून इतिहास निवडेल हे माझ्या हिशेबातच बसत नव्हतं. “इतिहास घेऊन पुढे काय? स्कोप काय त्याला?” हा माझा ठरलेला प्रश्न होता आणि त्यावर कुणाकडेही उत्तर नसायचं. उत्तर नसतं म्हणजे आपलं बरोबर आहे, असं मी समजत होते.

ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. माझे वडील लालबागला एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गावी दोन एकर कोरडवाहू होती, पण ती सोडून ते मुंबईला गेले, कारण गिरणीची नोकरी ‘पर्मनंट’ होती. आमच्या गावात मुलीला स्थळ बघताना हा एक शब्द पुरायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आम्ही भांडीकुंडी घेऊन गावी परतलो. वडील दिवसभर ओट्यावर बसून असायचे. त्या वर्षी मी ठरवलं की शिकायचं ते पोटासाठी, बाकीचं नंतर.

आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं की मी त्या घटनेतून चुकीचा धडा घेतला. वडिलांनी सगळ्यात सुरक्षित नोकरीच निवडली होती, आणि तीच बुडाली. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. तरी मी वर्षानुवर्षं लोकांना सुरक्षित नोकरीचा रस्ता ठामपणे दाखवत राहिले.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. मला गणित मनापासून आवडायचं. भूमितीतला एखादा रायडर, म्हणजे प्रमेयावरचं अवघड उदाहरण, सुटला की मला रात्री झोप येत नसे. गणिताच्या शिक्षकांची तेव्हा टंचाई होती, एम.एस्सी., बी.एड. झाल्याबरोबर मला नोकरी लागली. म्हणजे माझी आवड आणि माझी भाकरी योगायोगाने एकाच वाटेवर होती. त्या योगायोगाला मी माझं शहाणपण समजले आणि ज्यांच्या वाटेवर तो नव्हता त्यांना हट्टी समजले.

2006 च्या जूनमध्ये एक मुलगी वडिलांबरोबर टेबलाशी आली. तिचं नाव मी लिहीत नाही, तिने तसं सांगितलं आहे. ओतूरच्या बाजूचं गाव, घरची शेती, कांदा आणि थोडा ऊस. दहावीला एक्क्याऐंशी टक्के, गणितात दीडशेपैकी 131. मी सायन्सचा फॉर्म पुढे सरकवला. ती म्हणाली, “मॅडम, मला इतिहास घ्यायचाय.” मी वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, “आमचं काय म्हणणं नाय. तुम्ही म्हणाल तसं.”

त्यावर ती पुन्हा बोलली. एवढं बोलायला तिला केवढा धीर गोळा करावा लागला असेल, हे आज कळतं. ती म्हणाली, “मॅडम, नाणेघाटातल्या लेण्यात आकडे कोरलेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे. तुम्ही पाहिलेत का?” शाळेच्या सहलीत तिने ते पाहिले होते. वहीच्या शेवटच्या पानावर उतरवूनही आणले होते. ती वही तिच्या हातात होती.

मी म्हणाले, “आकड्यांची एवढी आवड आहे ना? मग सायन्सला ये. आकडे माझ्या वर्गात भेटतील.” रांगेतल्या दोघा-तिघांना माझं उत्तर आवडलं, ते हसले. तिने वही पिशवीत ठेवली. मी ती वही उघडूनही बघितली नाही. जुन्नरमध्ये जन्मलेली, गणितावर पोट असलेली बाई, आणि तासाभराच्या रस्त्यावर भारतातले सर्वांत जुने म्हणता येतील अशांपैकी काही आकडे दगडात कोरलेले आहेत हे मला एका सोळा वर्षांच्या मुलीकडून कळलं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण तिच्यामागे रांग होती.

ती सायन्सला आली. शांत बसायची, गृहपाठ वेळेवर द्यायची. बारावीला बासष्ट टक्के पडले. वडील पुन्हा माझ्याकडेच आले, कारण पहिला सल्ला माझाच होता. तेव्हा डी.एड.ची हवा होती. आमच्या भागातली हुशार मुलं-मुली, विशेषतः मुली, बारावीनंतर डी.एड.ला जायच्या. दोन वर्षांचा कोर्स, मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना तीन हजार मानधनावर, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेची कायमची नोकरी. मुलींसाठी याहून चांगलं काय, असंच सगळे म्हणत होते. मागणी वाढली तशी विनाअनुदानित डी.एड. विद्यालयं गावोगाव निघाली. मी म्हणाले, “डोळे झाकून घाला.” हे माझेच शब्द. सोसायटीचं पीककर्ज त्या वर्षी पिकाऐवजी फीमध्ये गेलं, हे मला फार नंतर समजलं.

2010 मध्ये शिक्षणसेवक भरतीची सीईटी झाली, तेव्हा तिच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागायचा होता. पुढच्या वेळी बघू, म्हणून ती थांबली. पुढची वेळ काही आली नाही. भरती थांबली ती वर्षानुवर्षं थांबली. 2013 च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली, पण परीक्षा पास होणं वेगळं आणि जागा निघणं वेगळं. हातात डी.एड.चं प्रमाणपत्र घेऊन बसलेली मुलं राज्यभर होती. आमच्या तालुक्यात तर जवळजवळ प्रत्येक वस्तीवर एक.

हे सगळं मला दिसत होतं. तरी माझं मत बदललं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. मी म्हणत होते, सरकारने फसवलं, मुलींचं नशीब नाही, आता इंजिनिअरिंगकडे वळायला हवं. एक दार बंद झालं की मी पुढचं दार दाखवत होते. आपण दार दाखवणारे कोण, हा प्रश्न मनात येत नव्हता.

तो आला 2014 च्या जूनमध्ये. तेच वडील तिच्या धाकट्या भावाला घेऊन टेबलाशी आले. त्यांना लांबूनच ओळखलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ते आता मला काय बोलतील याची मी तयारी करू लागले. भरतीबंदी, शासनाचं धोरण, सगळी कारणं माझ्या जिभेवर होती. ते काहीच बोलले नाहीत. खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, रुमालाने मान पुसली. मुलगा मागे उभा होता. मी गुणपत्रिका बघितली, शहात्तर टक्के. सवयीने म्हणाले, “सायन्सला घालू. पुढे मेकॅनिकल नाहीतर सिव्हिल. स्कोप आहे.”

त्यांनी विचारलं, “मॅडम, स्कोप आज हाय का चार-पाच वर्षांनी?”

मला प्रश्न नीट कळला नाही. मी म्हणाले, “आज चांगला आहे, म्हणूनच तर...”

मग ते बोलायला लागले, आणि बोलले ते कांद्याबद्दल. आवाज अजिबात चढवला नाही. “गेल्या साली बघा, दसऱ्याच्या आसपास कांदा शहरात ऐंशी-शंभर रुपये किलो झाला. टीव्हीवर रोज तेच. आमच्या आळीत सगळ्यांनी रांगडा लावला. मीबी लावला. रोप मिळंना तर दुप्पट भावानं आणलं. जानेवारी-फेब्रुवारीत माल निघाला तवा सगळ्यांचाच निघाला. भाव पडला. गावरान असता तर चाळीत भरून ठेवला असता, भाव यायची वाट बघितली असती. रांगडा टिकत नाय. निघाला की विकायाच लागतो. आडतीवरून पट्टी हातात आली तवा वाहतूकबी सुटली नव्हती.”

थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “भाव बघून लावलं की असंच व्हतंय, हे आमाला ठावं हाय. तरीबी लावतो. पर मॅडम, तुमी शिकलेली माणसं. पोरीला भाव बघूनच लावली व्हती ना आपण?”

‘आपण’ म्हणाले ते. ‘तुम्ही’ म्हणाले असते तर मी स्वतःचा बचाव केला असता. सगळी वाक्यं तयार होती. त्या एका ‘आपण’ने मला बोलताच येईना. रांगेत मागे बारा-पंधरा माणसं होती, पंखा फिरत होता, शिपाई चहा ठेवून गेला. मी त्या गुणपत्रिकेवरचा बैठक क्रमांक वाचत राहिले. तीस वर्षं गणित करणारी मी, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती की प्रवेशाच्या दिवशीचा भाव आणि बाहेर पडण्याच्या दिवशीचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या चार-पाच वर्षांत सगळ्या टेबलांमागे बसलेल्या सगळ्या मॅडम एकच सल्ला देत असतात, आणि त्या सल्ल्यामुळेच तो भाव पडतो. बाजाराबद्दल मी जे सांगत होते ते मागच्या हंगामाचं असायचं.

त्या रात्री मी कागदावर वर्षं लिहून काढली. 1983 मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, ते माझ्या बॅचचं दहावीचं वर्ष होतं, आणि आमच्यातल्या दोघांच्या घरच्यांनी जमीन विकून डोनेशन भरलं होतं. नव्याण्णव-दोन हजारला मी प्रत्येकाला कॉम्प्युटर सांगत होते. पहिली बॅच बाहेर पडायच्या आत त्या क्षेत्रात मंदी आली. मग डी.एड. मग मेकॅनिकल, सिव्हिल, आणि पुढे त्याच शाखांच्या जागा कॉलेजांमध्ये रिकाम्या राहू लागल्याच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची नोकरी लागलीच, हेही खरं आहे. माझ्या सल्ल्याने मार्गी लागलेली मुलं आहेत आणि ती दिवाळीला फोन करतात. पण माझ्या आवाजातली खात्री जेवढी होती तेवढं ज्ञान माझ्याकडे कधीच नव्हतं. माझ्या घरात 1982 साली शिरलेली भीती मी माहिती म्हणून लोकांना देत होते.

महिनाभराने मी तिला भेटायला गेले. तिचं लग्न होऊन ती आळेफाट्याजवळ राहायला गेली होती. एका खासगी शाळेत बालवर्गाला शिकवत होती, महिना साडेचार हजारांवर. चहा झाला. मी जे बोलायला गेले होते ते अडखळत बोलले. माझ्यामुळे तिची नोकरी हुकली, असं काहीसं मी म्हणत होते.

ती म्हणाली, “नोकरीचं नाही हो मॅडम. इतिहास घेतला असता तरी नोकरी लागली असतीच असं नाही. मला कळतं ते.” मग मांडीवरच्या मुलाचं झबलं नीट करत म्हणाली, “तुम्ही बाबांना विचारलंत. मला काहीच विचारलं नाहीत. मी वही घेऊन आले होते.”

मी विचारलं, आता पुढे शिकशील का? मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येईल, पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एम.ए. होतं. हे सगळं मी गेल्या महिन्याभरात शोधलं होतं. 2006 मध्ये शोधलं असतं तर अर्धा तास लागला असता. ज्या संस्थेतल्या लोकांनी शिरूर तालुक्यात इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं आणि धान्य शोधून काढलं, ती संस्था आमच्याच जिल्ह्यात आहे. पण माझ्या यादीत ती कधी नव्हती, कारण माझी यादीच दहा-बारा नावांची होती. ती म्हणाली, “आता नको मॅडम. आता मला त्यातलं काही आठवतही नाही.”

त्यानंतरच्या जूनपासून मी टेबलावर वेगळं वागायला लागले. मात्र याचा अर्थ मी आवडीची पुरस्कर्ती झाले असा कुणी घेऊ नये. ‘मनाला आवडेल ते करा, पैसा आपोआप येईल’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या बापावर सोसायटीचं कर्ज आहे त्या मुलाला पैसा आपोआप येत नाही, आणि पोटाचा विचार करणं हे काही हलकं काम नाही. शिवाय सोळाव्या वर्षी आवड तयार असतेच असंही नाही. तिचा भाऊ टेबलाशी आला त्याच दिवशी मी त्याला समोर बसवून विचारलं, तुला काय आवडतं? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “माहीत नाही.” खरं उत्तर होतं ते. तो सायन्सलाच गेला. आज नारायणगावजवळ टोमॅटोची रोपवाटिका चालवतो आणि बरं चाललंय त्याचं.

बदललं ते एवढंच की मी आधी मुलाला खुर्ची देऊ लागले आणि वडिलांना शेजारी. नोकरी लागेल का, असं कुणी विचारलं की “माहीत नाही” म्हणू लागले. सुरुवातीला हे म्हणताना माझा चेहरा लाल व्हायचा. लोक दुसऱ्या कॉलेजात जाऊन विचारायचे, तिथे त्यांना खात्रीचं उत्तर मिळायचं. प्राचार्यांनी एकदा विचारलंही, तुम्ही लोकांना घाबरवताय का? आणखी एक गोष्ट माझ्या हातात होती, ती केली. बोर्डाच्या आमच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला आणि विज्ञान’ असं छापलेलं असतं. वर्षानुवर्षं ते मी हातात धरत होते आणि पहिला शब्द कधी वाचला नव्हता. कला शाखेच्या मुलांना गणित घेता येतं, इतिहासाबरोबर घेता येतं. आमच्याकडे ते देत नव्हते, कारण कुणी मागत नाही असं आम्ही म्हणायचो. तिने जवळजवळ तेच मागितलं होतं. दोन वर्षं भांडून मी तो पर्याय सुरू करून घेतला. पहिल्या वर्षी तीन मुलं आली.

मी नाणेघाटात गेले निवृत्त झाल्यावर, एवढ्या उशिरा. घाटघरच्या पुढे गाडी लावली आणि चालत गेले. मोठा शिलालेख आहे, सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा म्हणतात. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची नोंद. गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं, आणि प्रत्येकाची संख्या. त्या आकड्यांचा छापील तक्ता सोबत नेला होता. शून्य नाही. स्थानावरून किंमत ठरत नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. ते जोडचिन्ह मला बरंच शोधल्यावर सापडलं. बॅटरीचा उजेड तिरका धरला तेव्हा खाच उठून दिसली. वर्गात किती वेळा मी दशक, शतक, हजार शिकवले असतील. हे चिन्ह कुणी, कुठल्या हिशेबाने घडवलं असेल या विचाराने मी तिथेच दगडावर बसून राहिले. रायडर सुटल्यावर रात्री झोप यायची नाही, तसं झालं. ती सोळा वर्षांची असताना तिला हेच झालं असणार.

घाटात रेंज नव्हती. घाटघरला आल्यावर मी तिला फोन केला. शाळा सुटायची वेळ होती, मागे पोरांचा गलका होता. मी म्हणाले, “आकडे पाहून आले. चारशेचं चिन्ह सापडलं मला.”

ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, “मॅडम, दोन्ही भिंती बघितल्यात, का एकच?”

मी एकच बघितली होती.